सतरा नंबरचा रंग आणि आपली दर्शनी भिंत

मालवण,
माघ वद्य षष्ठी, शके १८७९

चि. गुरुदास यास, मुक्काम मोंबासा, दाजीकाकाचे आशीर्वाद.

तू आणि सौ. सुगंधा दोघंही खुशाल असाल असं धरून चालतो, कारण नसाल असं धरलं तर मला जेवण जात नाही. माझी प्रकृती बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो तू लहान होतास तेव्हापासून दुखतो, त्याला आता मी घरचाच समजतो. या खेपेस अक्षर मोठं आलं आहे आणि ओळी खाली उतरल्या आहेत, त्याचा दोष टाकाला दे. (टाक नवा आहे. नवी वस्तू आपल्या घरात एकदम कधी रुळली नाही, हे पुढे दिसेलच.)

तुझं आश्विनातलं पत्र आणि त्यासोबतचा रंगांचा पुठ्ठा मिळाला होता. वैशाखात तुम्ही येणार, त्याआधी घराला मोंबासातल्या बंगल्यांसारखा तेलाचा रंग लावून हवा, हे समजलं. तुम्ही दोघांनी तिकडे बसून सात, अकरा आणि सतरा असे तीन नंबर निवडलेत आणि त्यातला एक इथल्या उजेडात बघून मी ठरवावा, असं लिहिलंस. हा विश्वास वाचून मला भरून आलं. पण त्याच पत्रात खाली तू लिहिलंस की, काकांना दगदग होत असेल तर घराची किल्ली परशुरामकाकांकडे द्यावी आणि काकांनी वालावलीला सुभद्राताईकडे जाऊन आराम करावा. गुरुदास, सुभद्रा माझी पोटची मुलगी आहे, तिचं सर्व चांगलं आहे. पण 'आराम' हा शब्द वाचल्यापासून मी कमरेची किल्ली दिवसातून दहादा चाचपतो. आपल्या वाडीत ज्यांना ज्यांना आराम करायला पाठवलं त्यांच्यापैकी कोणी परत आलेलं मला आठवत नाही. आणि परशुराम माझा सख्खा चुलतभाऊ असला, दोन घरं सोडून राहत असला, तरी त्याने स्वतःच्या विहिरीचा रहाट सहा वर्षं नीट केलेला नाही. म्हणून दगदग अजिबात होत नाही असं आधी लिहून, मग काय काय झालं ते सांगतो.

पुठ्ठ्यावर चोवीस चौकोन होते. ते मी पडवीत बसून पुष्कळ वेळ पाहिले. जबाबदारीचं काम एकट्याच्या मतावर करू नये, म्हणून पुठ्ठा शेजारच्या राधाबाईला दाखवला. तिने बोट ठेवून ठेवून सांगितलं, "हो सोलकढीचो, हो शिळ्या पेजेचो, आणि हो बघलास? कालवणात मीठ पडाक नाय तर दिसता तसलो." राधाबाई स्वयंपाकात हुशार आहे, पण घर कालवणाच्या रंगाचं करावं असं तुझ्या पत्रात कुठे नव्हतं. तरी मी पुठ्ठा तिच्याकडे एक दिवस राहू दिला. तो परत आला तेव्हा सात नंबरच्या जागी खिडकी होती. तिच्या सुनेच्या लुगड्याला तो रंग हुबेहूब जुळतो, म्हणून पोलक्याच्या कापडासाठी तिने चौकोन कातरून बाजारात नेला. अकरा नंबरला हळदीचा अंगठा लागला होता. तेव्हा उरला सतरा. सतरा नंबर हिरवा आहे, असं सर्वांचं मत पडलं. मीही मान हलवली.

पण मुंबईच्या दुकानाला नंबर कळवण्याआधी देवाला विचारणं भाग होतं. (तू म्हणशील, मोंबासात रंग लावताना कोण विचारतो? तिथे तुमचा ग्रामदेव नाही, म्हणून तुम्ही मोकळे.) गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या गुरुदासाच्या घराक रंग लावचो आसा, तुझी मर्जी आसात तर उजवो कौल दी!" आम्ही सर्वांनी "व्हय महाराजा" म्हटलं आणि डावी पाकळी खाली आली, म्हणजे नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा डावी. गुरव म्हणाला, देव नको म्हणतो. मला तुझा 'आराम' आठवला आणि घाम फुटला. मी नारळ ठेवला, दुसरा ठेवला, आणि देवाला मनातल्या मनात सांगितलं की तुझं नाही, माझं घर जातं आहे. मग पुष्कळ वेळाने उजवी पाकळी पडली. परशुराम तिथेच होता. तो म्हणतो, पाकळी वाऱ्याने पडली, आणि वारासुद्धा मीच उपरण्याने घातला. तू त्यावर विश्वास ठेवू नकोस. उपरणं मी घाम पुसायला काढलं होतं.

डबे पौषात बोटीने आले. बारा. ते पडवीत असेपर्यंत पेट घेतील, फुटतील, कोणी उघडून पिईल, अशा काळजीत आठ दिवस गेले. मग रंगवायला बाबलीला बोलावलं. आपल्या भागात तेलाच्या रंगाचा हात फक्त बाबलीला आहे. तीस वर्षं तो होड्या रंगवतो. घर त्याने पूर्वी कधी रंगवलं नव्हतं, पण लाकूड काय आणि भिंत काय, असा माझा हिशेब होता. बाबलीने येऊन घराला दोनदा प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "दाजीनू, भरतीचा पाणी खंयसर येता?" मी म्हटलं, अरे, घरात भरतीचं पाणी कशाला येईल? तो म्हणाला, "आज येना नाय. उद्या इला तर माझ्या नावान खडे फोडशात." गुरुदास, मला काळजी करायला एवढं पुष्कळ झालं. मी म्हटलं, तुझ्या हिशेबाने कर.

त्याच्या हिशेबाने त्याने सुतळी ताणून चारी बाजूंनी रेघ आखली. रेघेखाली, म्हणजे खिडकीच्या चौकटीपर्यंत, डांबर. त्यावर चार बोटं तांबडा पट्टा. पट्ट्याच्या वर तुझा सतरा नंबर. मी बाजारात गेलो होतो तेवढ्यात दर्शनी कोपऱ्यावर त्याने 'गुरुदास प्रसाद' असं नाव घातलं आणि दोन्ही बाजूंना झेंडूची माळ काढली. (नाव घातल्याशिवाय तो काम सोडत नाही, होडीला अपशकुन होतो म्हणे.) लोक बघायला आले. परशुराम दारात उभा राहून म्हणाला, "दाजी, शीड कधी लावतंस?" घर नवं दिसत होतं एवढं खरं, असं सगळे सांगत होते.

खरा घोटाळा तिसऱ्या दिवशी कळला. आपलं घर किनाऱ्यावरच्या पुळणीच्या अगदी वर, मागे माडांची बाग, हे तुला ठाऊक आहे. पण तुझ्या आजोबांपासून त्या दर्शनी भिंतीला दर वर्षी शिंपल्यांचा चुना का लागायचा, ते तुला मला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही समजत होतो स्वच्छतेसाठी. समुद्रावरून होड्या आणणारे तांडेल आपली पांढरी भिंत आणि देवळाची दीपमाळ एका रेघेत धरतात. रेघ जुळली की पाण्यातला खडक डाव्या हाताला राहतो आणि होडी सरळ आत येते. आता खाली डांबर म्हणजे सावली, वर हिरवा म्हणजे माड. समुद्रावरून पाहिलं तर आपलं घर नव्हतंच.

शंकर तांडेल पहाटे मासळी भरून येत होता. भिंत सापडेना, म्हणून त्याने दुसरंच काहीतरी पांढरं धरलं (राधाबाईने वाळत घातलेलं पासोडं) आणि होडी पलीकडच्या वाडीच्या पुळणीवर काढली. देवाने खडक चुकवला. तिथल्या लोकांनी मासळी तिथेच उचलली आणि आपल्या वाडीने त्या दिवशी लोणच्याशी पेज खाल्ली. शंकर पायी चालत आला, घराच्या अंगणात उभा राहिला आणि मलाच विचारू लागला, "दाजीनू, तुमचा घर खंय गेला?" मी म्हटलं, अरे शंकरा, तू त्याच्याच अंगणात उभा आहेस. तो म्हणाला, "हयसून दिसता ओ! माका थंयसून दिसाक होया!"

एवढ्यावर भागलं असतं. पण शुक्रवारच्या बोटीने परशुरामाच्या मुलीला, सावित्रीला, बघायला पाहुणे आले. बोट नेहमीप्रमाणे लांब समुद्रात उभी राहिली, पाहुणे होडीत उतरले, आणि होडीवाल्याने त्यांनाही पलीकडच्या वाडीत उतरवलं. तिथे उतरल्यावर त्यांनी मुलीचं घर विचारलं. त्या वाडीतही एका घरी लग्नाची मुलगी होती. त्यांनी बसा म्हटलं, पोहे केले, मुलगी दाखवली, आणि संध्याकाळी परशुराम शोधत शोधत पोचला तोवर सुपारी फुटली होती. नवरा मुलगा म्हणाला, आता बदल नको. परशुरामाने परत येऊन माझ्या अंगणात जे शब्द काढले ते मी पत्रात घालत नाही. (सावित्री मात्र खुशीत आहे. तिने मुलाचा फोटो पाहिला होता.)

दुसऱ्या दिवशी सगळे तांडेल एकत्र आले. भांडायला नव्हे, बसायला. पडवीत ओळीने बसले, हे भांडणापेक्षा वाईट. शेवटी शंकर म्हणाला, पांढरी भिंत ही एकट्या गुरुदासाची नाही, अर्ध्या बंदराची आहे. बाबलीला पुन्हा बोलावलं आणि हिरव्यावर चुना काढला. तेलाच्या रंगावर चुना धरत नाही, म्हणून त्याने त्यात काय काय मिसळलं, ते मी विचारलं नाही, वास दोन दिवस होता. पावसाळ्यात चुना धुपला की आतला हिरवा डोकावेल, असं तो म्हणतो, पण तोवर तू मोंबासाला परत गेलेला असशील. डांबर आणि तांबडा पट्टा तांडेलांनी तसाच ठेवायला लावला. खाली काळं असलं की वरचं पांढरं चांगलं उठून दिसतं, म्हणतात. नावही ठेवलं आहे.

उरलेले आठ डबे तांडेल घेऊन गेले. मासळी गेली होती, मला नाही म्हणता आलं नाही. तेव्हा आजची स्थिती अशी की आपलं घर होडीसारखं दिसतं आणि बंदरातल्या अकरा होड्या सुगंधेने निवडलेल्या रंगाच्या आहेत. देवाने दोनदा नको म्हटलं होतं. मी ऐकायला हवं होतं. पण एवढं सगळं होऊनही दगदग काही झाली नाही, हे पुन्हा लिहितो. किल्ली माझ्याच कमरेला आहे आणि वैशाखापर्यंत तिथेच राहू दे.

तुमची वाट पाहणारा,
दाजीकाका

ता.क. सुगंधेला रंगाचं वाईट वाटेल. तिला सांग की बोटीवरून उतरताना ती आपल्याच रंगात बसून किनाऱ्याला येईल. असं भाग्य मोंबासातल्या मडमांनाही नाही.

ता.क. परशुरामाचं पत्र तुला याच बोटीने येईल, तेव्हा त्याच्याआधी मीच सांगून टाकतो. टाकाचा दोष नाही. दोन वर्षं झाली, माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. काळं अक्षर नाकाशी धरलं की लागतं, रंग लागत नाही. तुझ्या पुठ्ठ्यावर मला चोवीस चौकोन दिसले ते सर्व पेजेच्या रंगाचे. हे आधी कळवलं असतं तर तू रंग माझ्यावर सोपवला नसतास, आणि रंग गेला की किल्ली जाते, म्हणून गप्प बसलो. तू आलास की मला मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात ने, एवढीच विनंती आहे. सबंध पत्र खरं म्हणजे त्यासाठी होतं. रंगाचं मध्ये आलं.

ता.क. तांडेलांना पडवीत बसायला मीच बोलावलं होतं. शंकर एकट्याने तक्रार करून गप्प बसला असता. पण बाजारातून पुळणीच्या वाटेने येताना मीही तीच पांढरी भिंत समोर धरून चालतो, दुसरं काही दिसत नाही. हिरव्या रंगाच्या त्या दिवसांत मी एकदा परशुरामाच्या घरात शिरून पाय धुतले आणि पान वाढायला सांगितलं. त्याच्या बायकोने, रुक्मिणीने, एक शब्द न बोलता वाढलं. कढी चांगली होती. दुसऱ्यांदा घर बंद होतं, तेव्हा मी त्याच्या कुलपाला आपली किल्ली लावत उभा होतो. परशुराम मागून आला. नुकतंच त्याच्या मुलीचं स्थळ माझ्यामुळे गेलं होतं, पण त्याने माझा हात धरून मला घरी आणून सोडलं आणि तुला कळवणार म्हणाला. रहाटाबद्दल वर लिहिलं आहे ते त्याला सांगू नकोस. आणि किल्ली घेऊ नकोस. कुलूप आपलं असलं की मला हाताने सापडतं.