मामा, फुटीचं डोकं पाठवते आहे

आदरणीय रामोकाते मामा,

तुम्ही कसे उठलात? आम्ही उठलो. तुमचे गुडघे उठले का? (मामी म्हणत होत्या, डावा अजून उशिराच उठतो.) गुरं, शेळ्या, मामी आणि तुमचा खरखरणारा रेडिओ, सगळं खुशाल असेल अशी आशा करते. शेळ्यांची चौकशी या वेळी जरा जास्त मनापासून आहे.

आमच्या मोथुसीच्या नव्या घराच्या जेवणात शहरातून आणलेल्या आचाऱ्यांनी बैलाचं डोकं फेकून दिलं, त्यावर मामाचा हक्क असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, आणि तुम्ही टोपी चढवून न जेवता निघालात, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. जाताना म्हणालात, "स्वतः मारलेल्या जनावराचं डोकं याने पाठवलं, तरच याच्यासाठी मुलगी मागायला जाईन." मामाशिवाय त्याच्या बोन्तलेच्या घरचे फाटकाची कडीसुद्धा काढणार नाहीत. तेव्हापासून पोरगं वाळून काटकी झालंय. शेवटी त्याने फुटी हरणाच्या शिकारीचा परवाना काढला, बाबांची बंदूक खाली उतरवली आणि म्हणाला, "ताई, तू नुसती सोबत चल."

नुसती सोबत म्हणजे गाडी मी चालवायची, पाणी मी उतरवायचं, ज्वारीची पेज मी ढवळायची आणि तंबूत गुंडाळल्या गेलेल्या भावाला बाहेरही मीच काढायचं. आपल्या गुरांच्या तळापलीकडे, वाळलेल्या ओढ्याकाठी मुक्काम केला. (तुमच्या शेळ्या तिकडे चरायला येतात हे माझ्या लक्षात नव्हतं, खरंच.) पेज शिजेपर्यंत मोथुसी मला शिकारीचे धडे देत होता. वारा कसा ओळखावा, पाऊल कसं टाकावं, बसावं कसं, आणि बसावं कसं हे दाखवताना तो स्वतःच्याच चष्म्यावर बसला. मग म्हणतो कसा, "काही बिघडत नाही, नेम मनाने धरायचा असतो." म्हटलं, "मग मनालाच चष्मा घाल!" हसलो दोघंही. पण जेवताना त्याने हळूच विचारलं, "ताई, मामा खरंच नाही आले तर?" आणि मामा, मी माझी पेज त्याच्याच वाटीत ओतली. बाबा गेल्यापासून या पोराला तुम्हीच आहात. तो बोलून दाखवत नाही, म्हणून मी लिहिते.

उजाडताना काटेरी झुडपामागे काहीतरी तपकिरी हललं. मोथुसीला जनावर राहू द्या, झुडूपही दिसत नव्हतं. मी त्याच्या कानाशी लागले, "फुटी! डावीकडे, थोडं खाली... आता!" बार झाला आणि फुटी कोसळली. (हरणाच्या मानाने जरा खात्यापित्या घरची.) मोथुसी नाचला, आभाळाकडे बघून बाबांना हाक मारली, मग रडला. मी धावत पुढे जाऊन डोकं कापून फडक्यात गुंडाळलं. सोलायचं काम मात्र त्याने एकट्याने केलं, मला जवळही येऊ दिलं नाही. सोलताना तो फारच गप्प होता. आनंदाने होतं माणसाचं असं.

डोकं मीठ लावून आजच्या बसने पाठवते आहे. आता राग सोडा आणि मुलगी मागायला या. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
केलेबोन्ये

ता. क. फडकं एकट्याने सोडा. डाव्या कानावर दोन चिरा दिसतील. त्या तुमच्याच हातच्या आहेत, तुमच्या सगळ्या शेळ्यांना असतात तशा. दाढीबद्दल काही लिहीत नाही. मोथुसीला यातलं काही ठाऊक नाही, त्याला कळू देऊ नका. "आता" मीच म्हणाले होते. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

ता. क. २. मोथुसीने पाठीमागून पत्र वाचलं. म्हणतो, "ताई, फुटीला बोकडाचा वास येतो का गं कधी? सोलतानाच कळलं मला. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो." आता विचारतोय, कान कापून टाकून डोकं पाठवायचं का. मी नको म्हटलं. कापलेला कान पाहून मामा चिडतील, अख्खा पाहून हसतील. हसलात, तर तसेच हसत या. पोरगं आमच्या फाटकाशी उभंच आहे.