हसण्याच्या शेवटी बेल

३ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कोणी विचारलंच की तुमचं दोघांचं कसं जमलं, तर तारखा हाताशी हव्यात.
आमची गेमची टीम चौघांची. कप्तान (टायरचं दुकान), बटाटा (शाळेत क्लार्क, जिथे लपतो तिथेच मरतो), खारूताई आणि मी. नावात ताई आहे, पण ते गेममधलं नाव. मनावर घ्यायचं नाही.
माझ्याकडे विनोदाचं खातं. गोळ्या काय, कोणीही झाडतं. मॅच सुरू होईपर्यंत थांबावं लागतं तेव्हा मी माइकवर एक जोक टाकतो, ग्रुपवर दोन-चार मीम्स. कप्तान आणि बटाटा हसत नाहीत. वरच्या दर्जाचं झेपत नाही त्यांना. खारूताई मात्र दर वेळी हसते. आजही हसली. आधी खळखळून, मग दम घेऊन पुन्हा. तेवढ्यात तिच्या घरची बेल वाजली आणि आवाज बंद झाला.

५ मार्च, गुरुवार
आजचा मीम: चष्मा लावलेलं मांजर लॅपटॉपसमोर, खाली 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. बटाटा म्हणाला, हे मांजर आता रिटायर झालं असेल. जळतो.
सरळ लिहितो: खारूताई बरेच दिवस खेळत नाही, बोलतही नाही. नुसती ऐकत बसते. माइक बिघडलाय म्हणे. मी कप्तानाला विचारलं, मग हसणं कसं पोचतं? तो गडबडला. टायरवाला बिचारा. मग मीच समजावलं. मी कानाची मशीनं विकतो, रोज लोकांचे कान तपासतो. खराब माइकमध्ये जाड आवाज अडकतो, बारीक जातो. हसणं बारीक असतं. त्याला लगेच पटलं. बरोबर, बरोबर, असंच असणार, म्हणाला.

८ मार्च, रविवार
एक गोष्ट खटकते. ती हसली की बेल वाजते. दर वेळी. कोण येतं एवढं? कुरिअरवाला? त्याला काय बाकी घरं नाहीत?
संध्याकाळी: मत्सर करायचा नाही, असं ठरवलं. माणसांचा राबता असलेलं घर दिसतंय. आईला असंच स्थळ हवंय.
रात्री जेवताना: तरी पण कुरिअरवालाच असणार.

१० मार्च, मंगळवार
आठवलं. ती पहिल्यांदा हसली ती गेल्या वर्षी. गेममध्ये तिघं नदीपलीकडे अडकले होते. मी 'घाबरू नका, मी आलोय!' असं ओरडत पुलावरून धावलो आणि थेट पाण्यात. (पडलो नाही. पूल अरुंद होता.) तेव्हा ती खूप हसली होती. पण तो जोक नव्हता, म्हणून हिशोबात धरत नाही.
निश्चय: येत्या रविवारी सांगून टाकायचं. जोक नाही, मीम नाही. सरळ.

१२ मार्च, गुरुवार
आरशासमोर सराव. आईने विचारलं, कोणाकडे काय मागतोयस? म्हटलं, कामाचं आहे. ती म्हणाली, पगारवाढ अशा तोंडाने मिळत नाही.
दुकानात एक आजोबा तपासणीला. कानाला हेडफोन लावतो, बारीक आवाज सोडतो, ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं. मी आवाज बंद केला तरी आजोबा दाबतच होते. मला वाईट वाटू नये म्हणून. असे लोक मी चटकन ओळखतो. वीस वर्षांचा अनुभव आहे, उगाच नाही.

१५ मार्च, रविवार
सांगितलं.
सगळे जमले होते. म्हटलं, खारूताई, आज जोक नाही. दिवसभर दुकानात ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी बोलतो. मला ऐकणारी तू एकटीच आहेस. तू हसलीस की घरी आल्यासारखं वाटतं. आपण एकदा भेटायचं का?
आणि थांबलो.
ती हसली. खळखळून. मग दम घेऊन पुन्हा. मग बेल.
बटाटा म्हणाला, अरे देवा. मी हेडफोन काढून ठेवला आणि खुर्चीवर बसलो. खुर्चीवर हेडफोन होता. मोडला.

१६ मार्च, सोमवार
सकाळी: लाजून हसली असेल. नकार द्यायचा तर माणूस हसतो कशाला? शिवाय बेल वाजली, नाहीतर पुढे बोललीच असती. त्या कुरिअरवाल्याला बघून घेतलं पाहिजे.
दुपारी: कप्तानाचा दुकानात फोन. चुकलो रे, म्हणाला. मी टायर उतरवत होतो, तू बोलायचा थांबलास, जोक संपला असं वाटलं, सवयीने दाबलं.
म्हटलं, काय दाबलंस?
बटण. तिचं हसणं रेकॉर्ड करून ठेवलंय. ती पावसाळ्याच्या आधीच गेम सोडून गेली. नोकरी, लग्न, नवीन गाव. ती गेली त्या आठवड्यात तू काहीतरी सांगितलंस, कोणी हसलं नाही, आणि तू दोन दिवस एक शब्द बोलला नाहीस. बघवेना. मग मी आणि बटाट्याने तिचं अकाउंट माझ्या जुन्या फोनवर चालू केलं.
विचारलं, कुठल्या जोकचं रेकॉर्डिंग आहे? म्हणाला, जोकचं नाही. तू पुलावरून पडलास तेव्हाचं.
जाताना माझ्याबद्दल काही म्हणाली का, विचारलं. कप्तान म्हणाला, तुझा आवाज तुटतोय.
आवाज अजिबात तुटत नव्हता. निदान फोनमधला तरी.
मालक म्हणाले, डोळे लाल झालेत, घरी जा. म्हटलं, धूळ. ते म्हणाले, बंद खोलीत?

१७ मार्च, मंगळवार
गेम डिलीट.

१८ मार्च, बुधवार
परत टाकला. फक्त सेटिंग बघायला.

२२ मार्च, रविवार
गेलो. हेडफोन नाही, म्हणून फोनचा स्पीकर चालू. कोणी विषय काढला नाही. बटाट्याने स्वतः एक मीम टाकला. वाईट होता. मी हसलो. त्यालाही कोणीतरी पाहिजे.
मॅचमध्ये नदी आली. तो पूल. म्हटलं, घाबरू नका, मी आलोय. आणि उडी मारली. या वेळी मुद्दाम.
कोणी हसलं नाही. पाण्याचा आवाज तेवढा.
बऱ्याच वेळाने कप्तानाने हळूच विचारलं, दाबू का?
इतके दिवस मला कळलं नाही, असं नाही. बेल दर वेळी तीच होती. कानाचं काम करतो मी. कळून घ्यायचं नव्हतं.
म्हटलं, दाब.
ती हसली. खळखळून. मग दम घेऊन पुन्हा. मग बेल वाजली.
स्वयंपाकघरातून आई हात पुसत लगबगीने गेली. दार उघडलं, बाहेर डोकावली, लावून घेतलं. येऊन म्हणाली, कोणी नाहीये रे.