दुसऱ्याच्या घरचा इतिहास

महाल, नागपूर
५ ऑगस्ट १९७४

ती. दादास,
गोपिकेचा शि. सा. न. वि. वि.

आईचे गुडघे दुखतात, तरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं सोडत नाही. तिकडे वच्छलावहिनी नि मुलं बरी असतील.

दादा, मधुकरराव मास्तर सापडले! मी शिकवते त्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष आहेत आणि त्यांची नात पुष्पलता माझ्याच आठवीच्या वर्गात आहे. सातवीत इतिहासाच्या तासाला तू त्यांना विचारलं होतंस की भोसले राजांचा शेला कोणी विणला. ते म्हणाले, कोष्ट्याला इतिहास नसतो, माग असतो. आणि पूर्ण तासभर तुला हवेतच मागावरचा धोटा फेकायला लावून वर्गासमोर उभं केलं. तू परत शाळेत गेला नाहीस. तुझं दप्तर खुंटीवरच राहिलं, ते मला अजून दिसतं.

आता ऐक. यंदा मुलींना मी वेगळाच इतिहास दिला आहे. प्रत्येकीने परक्या जातीधर्माच्या घरी जायचं, त्यांचे वाडवडील नागपुरात कुठून आले ते विचारून लिहायचं आणि पालकांसमोर वाचायचं. कोणी कुठे जायचं ते चिठ्ठ्यांनी ठरलं. पुष्पलतेची चिठ्ठी मात्र मी हातचलाखीने काढली. ती आपल्या आईकडे येणार. आई मास्तरांचं नाव घेऊन सगळं सांगेल, नात वाचेल, आजोबा पहिल्या रांगेत बसून ऐकतील. पंचवीस वर्षं मी याची वाट पाहिली आहे.

आशीर्वाद असू दे.
तुझी गोपिका

उमरेड
११ ऑगस्ट

चि. गोपिकेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर मागावर धागे तुटत राहिले. राग माझाही गेलेला नाही. चार माणसं हसली की मला अजून तोच वर्ग ऐकू येतो. पण ती पोर तेरा वर्षांची. आजोबांचं नाव भर सभेत तिच्याच तोंडून काढणार? मग तुझ्यात नि त्यांच्यात फरक काय, मास्तरीणबाई? वच्छलाही म्हणते, काहून पोरीले रडवता. सूड माझा आहे, तो माझ्याच हातचा राहू दे.

आईला नमस्कार. माया राहू दे.
केशव

महाल, नागपूर
२ सप्टेंबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

मी तुझं ऐकणार नव्हते. पण आईने परस्पर तुझंच ऐकलं.

पुष्पलता तीन रविवार आली. कांडी भरायला शिकली, आपली भाकर खाल्ली. आईने तिला सगळं सांगितलं, फक्त मास्तरांचं नाव गिळलं. पोरीने दोनदा विचारलं, तर म्हणाली की आठवत नाही. आपली आई विसरली म्हणे! मी स्वयंपाकघरात दातओठ खात बसले होते.

शनिवारी पुष्पलतेने वाचलं. शेवटी तिने स्वतःच्या मनाने जोडलं की त्या मास्तरांना त्या मुलासमोर एक पूर्ण तास उभं करायला हवं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसून तिच्या आजोबांनाही वाजवाव्या लागल्या. मी डोळे भरून पाहिलं, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी ते दारात आले आणि तुझा पत्ता मागितला. मी दिला. आईने पाणी दिलं. मी दिलं नसतं.

वहिनींना नमस्कार. लोभ असू दे.
गोपिका

उमरेड
९ सप्टेंबर

चि. गोपिकेस अनेक आशीर्वाद.

काल मास्तर एसटीने आले. मी मागावर होतो. ओळखलं, पण बसा म्हटलं नाही. ते काठी टेकून दाराशी उभे राहिले. मी धोटा फेकत राहिलो, एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. वच्छला आतून खुणा करत होती. त्यांचे पाय थरथरायला लागले, तेही पाहिलं, आणि गोड लागलं. शाळेचा तास चाळीस मिनिटांचा. चाळीस झाली तेव्हा हात थांबवला आणि चटई टाकली.

बसल्यावर त्यांनी पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली. मान खाली घालून मला विचारलं की राजांचा तो शेला कोणी विणला होता.

मी सांगितलं की मले नाही माहीत मास्तर, मी तुमालेच इचारलं होतं.

पुष्पलतेला आशीर्वाद सांग. लोभ आहेच.
तुझा दादा,
केशव