पोटरीचं माप

४ फेब्रुवारी
ती पुन्हा पडली. बाथरूममध्ये. आणि मला उचलता येईना! जन्मभर शिलाई मशीन चालवली, पण बायकोला उचलायची ताकद उरली नाही. शेवटी समोरच्या घड्याळवाल्याला हाक मारली. दोघांनी मिळून उठवलं तर म्हणते, "गठ्ठा जड झाला का हो?" मला हसू आलं नाही.

५ फेब्रुवारी
व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या टेपनं तिची पोटरी मोजली — एकतीस सेंटिमीटर. "याच्या खाली जाऊ देऊ नका, आजोबा." हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आणि उठता-बसता काहीतरी आठवून बोलायचं. पाय चालते राहिले की डोकंही चालतं, म्हणे. हल्ली ती गॅस चालू ठेवून विसरते, हे मी बाईंना सांगितलं. तिच्यासमोरच. चुकलं माझं.

रात्री लेकीचा फोन. "बाबा, महिना-दीड महिना बघते. पाय एकतीसच्या खाली गेले तर आईला मी घेऊन जाणार." तिच्या घरात आणखी एका माणसापुरतीच जागा. म्हणजे मी इथे, ती तिथे. या वयात!

७ फेब्रुवारी
आठवायचं काय? मी म्हटलं, गिऱ्हाइकांची मापं. सगळी काजं-बटणं, दुमडी तिनंच केल्यात ना! चार वेळा उठली. "शाळेचे मास्तर — कंबर चौतीस, उंची..." तिथेच गाडी अडली. मी सांगायला गेलो तर चिडली. "सांगू नका. येतंय."
नाही आलं.

१९ फेब्रुवारी
आज माझ्या टेपनं मोजली. तीस! पुन्हा मोजली. तीसच. दोन आठवडे घाम गाळून उलट एक सेंटिमीटर गेलं!

ती म्हणाली, "तुमची टेप ढिली झालीय. त्या हॉटेलवाल्यानं मापं लिहून आणली होती, तेव्हा टेबलावरची कापडं मोठी झाली. मीच जास्तीचं दुमडून घेतलं." मला असलं काही आठवत नाही. वीस वर्षांची टेप, एक विजार परत आली नाही! आणि ही टेपला नावं ठेवते. डोकं काम करेनासं झालंय बिचारीचं. वाद नको म्हणून "हो, हो" म्हटलं.

२७ फेब्रुवारी
"आज नको," म्हणाली. मी ओरडलो. मग मुकाट्यानं सहा वेळा उठली.

१२ मार्च
दहाच्या दहा! हात न टेकता! मास्तर, घड्याळवाला, दातांचे डॉक्टर — तिघांची मापं घडाघडा. मापांची वही उघडून पाहिलं, सगळी बरोबर. घटकाभर वाटलं, जिंकलो.
मग पोटरी मोजली. साडेतीस. एकतीस नाहीच. आजच्या दिवसापुरती उठली असेल. आकड्याला काय सांगणार? कुणाच्या मापात कधी लबाडी केली नाही, आता बायकोच्या करू? लिहिलं साडेतीस.

१५ मार्च
लेक आली. वही बघितली. "बाबा, कमीच आहे की."
ती म्हणाली, "अहो, तुम्ही तरी सांगा हिला. मी दहादा उठते. टेपचंच चुकतंय."
मी म्हणालो, "अगं, टेप कशाला खोटं बोलेल?"
ती बॅग भरायला उठली. हात न टेकता.
दुपारच्या गाडीनं गेल्या दोघी.

१६ मार्च
दोन कप चहा केला. एक ओतून दिला.

२४ मार्च
लेकीचा फोन. "आई खुर्चीतून उठायचं नावच घेत नाही. म्हणते, काय उपयोग, माप कमीच भरतं." तिला फोन द्यायला सांगितला. मुद्दाम विचारलं, "मास्तरांची कंबर किती गं?"
म्हणाली, "कोण मास्तर?"
फोन ठेवला आणि रडलो. लिहायला लाज कसली.

२८ मार्च
शेजारीण मी शिवलेला पडदा घेऊन भांडायला आली. चार बोटं जमिनीवर लोळतोय! मी म्हटलं, बाई, मापं तुम्हीच लिहून दिली होती, तुम्हीच चुकीची मोजली असतील. "नवी टेप आहे माझी," म्हणाली आणि पडदा मशीनवर टाकून गेली.
झोप येत नाही.

२९ मार्च
पहाटे उठून टेप लोखंडी पट्टीवर पसरली. पट्टीचे शंभर, टेपचे शहाण्णव. गिऱ्हाईक याच टेपनं मोजायचं, कापडही याच टेपनं कापायचं — कळणार कसं! साडेतीस म्हणजे खरे जवळजवळ बत्तीस. पाय भरत होते तिचे. आणि डोकंही शाबूत होतं. सांगत तर होती.