सहावं कडवं

तेर, माघ शुद्ध पंचमी, शके १८६७

ती. स्व. तुळजाराममामा यांच्या पायांवर भाचा उत्तरेश्वर याचं डोकं. (प्रत्यक्ष येऊन ठेवलं असतं, पण तुम्ही सध्या पाय मागे घ्याल अशी शंका आहे.) आईचे गुडघे नेहमीइतकेच दुखतात. म्हैस ठीक. तुमचा खोकला सोलापुरात गिरणीच्या भोंग्याआधी उठत नसेल, अशी आशा करतो.

तुमचं पत्र मिळालं. आमचा धाकटा बब्रुवान शिवरात्रीपर्यंत बोलला नाही तर सत्यभामेसाठी बार्शीचं स्थळ पक्कं करणार, मुक्याला मुलगी देणार नाही, हे वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्या भावाला लिही, पोरगं मुकं न्हाय. गप हाय." हा फरक तुम्हाला पटणार नाही हे जाणून मी कामाला लागलो.

धाकटा पलटणीबरोबर मलायात गेला आणि साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत राहिला. दिवाळीत आला तो गप्पच. मात्र पाठीवर पोतं घेतलं की गातो, आणि जपानीत गातो. मी ठरवलं, हा मराठीत येत नसेल तर आपण जपानीत जावं. तालुक्यात त्या भाषेचं पुस्तक नाही. शाळेतले मौलवीसाहेब उर्दू-फारसी जाणतात; जपानीचं नाव काढताच त्यांनी माझी नाडी पाहिली. तेव्हा गाणं हेच पुस्तक. घरातली पोती त्याच्याकडून रोज आतून बाहेर आणि बाहेरून आत करवली (ज्वारीची चार होती, एक फुटलं), आणि तो गाईल त्यामागे मी भजनातल्यासारखी झील धरली.

एकट्याची झील पुरेना, म्हणून भजनी मंडळी जमवली. गोरोबाकाकांच्या देवळात टाळ-मृदंगासह आठ दिवस सराव झाला. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. पण चाल अशी की महांतप्पा वाणी दुसऱ्या ओळीलाच रडायचे. (ते आरतीलाही रडतात.) मग चौकीचा जमादार आला. सरकारविरुद्ध गाता काय, म्हणाला. अर्थ माहीत नाही म्हटल्यावर त्याचा संशय वाढला. शेवटी त्याच्या हातात टाळ दिले. दुसऱ्या दिवसापासून तो वेळेच्या आधी येतो.

अडचण एकच होती. गाण्याला शेवट नव्हता. पाचवं कडवं झालं की बब्रुवान पुन्हा पहिल्यावर यायचा. असं किती दिवस चालणार? काल सकाळी मी स्वतः पोतं पाठीवर घेतलं आणि त्याच्यासमोर अंगणात फिरत गाऊ लागलो. तो बोलेपर्यंत खाली ठेवायचं नाही. पाच कडवी, पुन्हा पहिलं. आई म्हणाली, "ठेव की रे मुडद्या." ठेवलं नाही. अकराव्या फेरीला बब्रुवान उठला आणि पोत्याला हात लावला.

"दादा, थांब. सहावं हाय. ओझं उतरवायचं."

"मग म्हणत का न्हाईस?"

"त्यांचे हमाल म्हणायचे. आमाला म्हणू दिलं न्हाय कधी. पाचवं झालं की दुसरं पोतं."

मग त्यानं सहावं म्हटलं. दोनच ओळी. मी पोतं खाली ठेवलं. आई चुलीपाशी गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मामींना नमस्कार. कळावे, लोभ उरला असल्यास वाढवावा.

आपला
उत्तरेश्वर

ता. क. बार्शीकरांना नकार कळवा. त्याकरताच हे सगळं लिहिलं. तो बोलल्याचा दाखला हवा असेल तर जमादार सही द्यायला तयार आहे, उर्दूत.

ता. क. दुसरा. मंगलाष्टकांनंतर आमची मंडळी सहाही कडवी म्हणणार आहेत. मांडव मोठा घालावा.

ता. क. तिसरा. मामा, हे अक्षर माझं, बब्रुवानचं. आधी सत्यभामेला विचारा. ती व्हय म्हणाली तरच पुढं. दादाचा एकही जपानी शब्द बरोबर नाही. पोतं मात्र भरलेलं होतं, मी उचलून पाहिलं. लग्नात त्याला गाऊ देऊ नका.