मरणाआधीची दोन मिनिटं

३ एप्रिल, सोमवार
आजपासून मी तोक्योची! खरं तर तोक्योच्या पश्चिमेकडच्या उपनगराची, कोदाइराची; पण गावाकडे सांगायला तेवढं पुरे. आता गावाकडे सांगण्यासारखं कुणी उरलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

नव्या नोकरीत रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून यामागाता प्रांतातल्या आमच्या कामिनोयामा गावची सुकवलेली, केशरी काकीफळं घेऊन गेले. चहाच्या टेबलावर डबा ठेवला आणि शेजारी चिठ्ठी, की मी नवीन आलेली काया अकुत्सु, कृपया घ्यावं. दुपारपर्यंत डबा चाटूनपुसून साफ! कोणी आणली, कुठली, असं कुणी विचारलं नाही. पण खाल्ली तर खरी.

आमची ॲनिमेशन मालिका कंदीलवाल्या मुलाची. दर रविवारी सकाळी तो एका फुटकळ शत्रूला मारतो. आतापर्यंत हे शत्रू यायचे, आरडाओरडा करायचे आणि मरायचे. दिग्दर्शक त्सुकुदा-सानना वाटतंय, की मरण्याआधी प्रत्येकाचं बालपण दोन मिनिटं दिसावं आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. ती दोन मिनिटं लिहायला मला घेतलंय. जगात अशीही नोकरी असते!

आधी हे शत्रू मुनाकाता-सान लिहायच्या. पन्नाशीच्या आहेत, बोलणं अगदी मऊ. खिडकीजवळची आपली जागा त्यांनी स्वतः आवरून मला दिली. मी वाकून वाकून आभार मानले. खिडकीतून गिंकोचं एक झाड दिसतं.

७ एप्रिल, शुक्रवार
आज आवाजांचं ध्वनिमुद्रण पाहिलं. इथे एक छान प्रथा आहे. ज्या नटाचं पात्र त्या दिवशी मरतं, त्याला सगळे मिळून फुलांचा गुच्छ देतात आणि दमलात, आता विश्रांती घ्या, असं म्हणतात. नट हसत होता, तरी त्याचे डोळे ओले झाले होते.

रंगकाम बघणारे कोगुरे-सान यांनी मला धंद्यातली गंमत सांगितली. पडद्यावर ज्याला लहानपण आठवलं, तो गेलाच म्हणून समजा. त्यांची जीभ भारी तिखट. म्हणे अकुत्सु-सान बोलायला लागल्या, की आपण स्वेटर आणलाय का ते बघावं लागतं, इतका यामागाताचा बर्फ त्यांच्या बोलण्यात आहे. सगळे हसले. मीही हसले, आणि मग दिवसभर चिठ्ठ्या लिहूनच काम भागवलं.

मी लिहिलेला पहिला भूतकाळ त्सुकुदा-साननी परत केला. हे कागदी दुःख आहे म्हणाले, खऱ्या माणसाचं आणा.

१५ एप्रिल, शनिवार
आमच्या इमारतीचे रखवालदार इनुकाई-सान यांनी माझी कचऱ्याची पिशवी तिसऱ्यांदा दाराशी आणून ठेवली. जाळायच्या कचऱ्यात मी दह्याचा प्लास्टिकचा डबा टाकला होता म्हणे. शिकलेली माणसं ना तुम्ही, असं बरंच काही ऐकवलं. राग आला होता, पण इथे माझ्याशी रोज बोलणारा माणूस तो एकच. मी तिथेच उकिडवी बसून त्यांच्याबरोबर कचरा निवडू लागले आणि सहज विचारलं, तुम्ही मूळचे कुठले?

त्यांनी कचऱ्यावरची नजर न काढता सांगितलं. लहान असताना आईने त्यांना सेन्दाईच्या स्टेशनात बाकावर बसवलं, हातात जेवणाचा डबा दिला, आलेच म्हणाली आणि गेली. पोराने संध्याकाळपर्यंत डबा उघडला नाही. आई परत येईल तेव्हा तिला भूक लागलेली असेल, म्हणून.

ही गोष्ट त्यांनी कधीच कुणाला सांगितली नव्हती. कारण काय, तर आजवर कुणी विचारलंच नाही.

वर आले आणि एका बैठकीत लिहून काढलं. पुढच्या भागात मरणारा छत्रीवाला शत्रू, स्टेशन, बाक, डबा.

२३ एप्रिल, रविवार
आमच्याकडे सगळं इतकं ऐनवेळी होतं, की शुक्रवारी केलेलं रविवारी दिसतं. छत्रीवाला मेला आणि मी स्वतःच लिहिलेलं बघून रडले. इनुकाई-सानना सांगावं म्हणून धावतच खाली गेले. दार उघडं होतं. ते टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीवर आमच्याच मालिकेचं शेवटचं गाणं चालू होतं आणि त्यांच्या चहाची अजून वाफ निघत होती.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. वय झालं होतं. मला कळतं ते.

२५ एप्रिल, मंगळवार
स्टुडिओत पत्रांचा पाऊस. छत्रीवाल्यासाठी कुणी शाळेत फुलं ठेवली. त्सुकुदा-सान माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, अस्संच आणखी हवं. आयुष्यात कुणी माझी एवढी वाहवा केली नव्हती. इमारतीच्या दाराशी कचऱ्याचे ढीग साठलेत, कुणी निवडत नाही.

५ मे, शुक्रवार
कोगुरे-सान आज नूडल्सच्या टपरीवर माझ्या शेजारी बसले. मी विचारलं, तुम्ही सगळ्यांची टर का उडवता? आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाले, लहानपणी ते अडखळत बोलायचे, वर्गात फक्त काचेच्या भांड्यातल्या सोनेरी माशाशी बोलायचे. तो मासा मेला त्या दिवशी त्यांनी ठरवलं, आता आपणच आधी हसायचं, म्हणजे दुसरा कुणी आपल्याला हसणार नाही.

मी ते घेतलं. वाईट हेतूने नाही. मला त्यांचा राग राहिलाच नव्हता, उलट ते आवडायला लागले होते. पुढच्या रविवारच्या मुखवटेवाल्याला एक सोनेरी मासा दिला.

१४ मे, रविवार
मुखवटेवाला मेला. छान जमलं होतं. सकाळपासून कोगुरे-सानना फोन करतेय. उचलत नाहीत.

१५ मे, सोमवार
कोगुरे-सान त्यांच्या खोलीत सापडले. टीव्ही चालू होता.

वय चाळीससुद्धा नव्हतं.

१६ मे, मंगळवार
त्सुकुदा-सानना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला पाणी दिलं आणि म्हणाले, थकलात तुम्ही. मी म्हटलं, मी आता खऱ्या माणसाचं काहीही लिहिणार नाही. बरं, म्हणाले, मग काही दिवस मुनाकाता-सान लिहितील. मला एवढं हलकं वाटलं, की बाहेर येऊन जिन्यावरच बसून राहिले.

मुनाकाता-सान माझ्यामागून आल्या. त्यांनाही सांगितलं. छत्रीवाला, मासा, चहाची वाफ, सगळं. त्या हसल्या नाहीत की घाबरल्या नाहीत. फक्त विचारलं, अहो, सकाळपासून काही खाल्लंत का?

२४ मे, बुधवार
मुनाकाता-सान आता माझ्यासाठीही डबा आणतात. रोज! अंड्याची गोड गुंडाळी, तळलेला मासा, वर लोणच्यातला आलुबुखार. आम्ही माझ्या खिडकीत बसून जेवतो आणि त्या विचारतात. गाव कसं होतं, घर कसं होतं, लहानपणी मी कशी होते.

मी किती बोलले! आई नव्हतीच, बाबाच सगळं करायचे. थंडीच्या तोंडावर ते काकीफळं सोलून दोरीला बांधायचे आणि ओसरीच्या वळचणीला माळा लावायचे. सबंध घर केशरी व्हायचं. ती फळं रोज हाताने हळूहळू दाबावी लागतात, तरच आतून मऊ होतात. ते काम माझं. शाळेत माझ्याशी कुणी बोलायचं नाही, म्हणून मी पळत घरी यायचे आणि त्या फळांशी गप्पा मारायचे. बाबा ऐकायचे आणि फळांच्या वतीने उत्तरं द्यायचे.

बोलता बोलता मध्येच एकदा मनात आलं, की मीसुद्धा लोकांना असंच विचारलं होतं. मी तो विचार झटकून टाकला. बाबा गेल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही. कुणी विचारलं तर काय मी गप्प बसू?

२ जून, शुक्रवार
सकाळी माझ्या टेबलावर फुलांचा गुच्छ होता. पांढरी आणि केशरी फुलं. वेड्यासारखी खूश झाले. वाढदिवस नाही, काही नाही, तरी माझ्यासाठी फुलं! वास घेतला. कागदाच्या कपात पाणी घालून ठेवली.

मग भिंतीवर लावलेली या रविवारच्या भागाची चित्रं पाहिली.

ओसरी. केशरी माळा. पाठमोरा बसून फळं सोलणारा माणूस. शत्रूचं नाव खाली लिहिलंय: खिडकीत बसणारी.

तशीच मुनाकाता-सानकडे गेले. त्या तशाच मऊपणे म्हणाल्या, की अहो अकुत्सु-सान, तुमच्यासारख्या लहान माणसालाही एक गोष्ट हवीच ना, मी फार मनापासून लिहिलीय हो. मग माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत राहिल्या. ती जागा त्यांना फार आवडायची म्हणे. शेवटी म्हणाल्या, दमलात, आता विश्रांती घ्या.

त्सुकुदा-सानना विनवलं. रडले. तेही रडत होते. आजवरचा सगळ्यात सुंदर भाग, म्हणाले. थांबवणं आता शक्य नाही.

३ जून, शनिवार
कुठे जाऊ? कामिनोयामाचं घर विकलं. कुणाला फोन करू? फोनमध्ये नावं आहेत: स्टुडिओ, इनुकाई-सान, कोगुरे-सान—

आठवायचं नाही. एवढंच. आठवलं नाही तर काही होणार नाही.

४ जून, रविवार, सकाळ
टीव्हीची वायर काढून ठेवलीय. खिडक्या बंद. लिहीत राहते, म्हणजे मन दुसरीकडे जाणार नाही. स्टेशनांची नावं. कोकुबुंजी, मुसाशी-कोगानेई, हिगाशी-कोगानेई—

शेजारच्यांनी टीव्ही लावला. भिंतीतून आमचंच गाणं. त्यांची मुलं बरोबर गातायत.

मिताका. किचिजोजी. निशी-ओगि—

कंदीलवाला आला. मुलं ओरडतायत, मार तिला, मार—

ऐकायचं नाही. ओगिकुबो—

मुलं गप्प झाली.

कसलासा वास येतोय. गोड. फळं वाळतानाचा.

नाही. नाही. पुढचं स्टेशन, पुढचं—

शेजारची धाकटी रडतेय. आईला विचारतेय, तिच्याशी कुणीच का बोलत नाही? माझ्यासाठी रडतेय ती. सगळीकडे, घराघरांत, माझ्यासाठी—

किती केशरी झालंय सगळं. वायर तर काढलीय. बाबा पाठमोरे बसलेत. हातात सुरी. सालाची लांबच लांब पट्टी, न तुटता. मी शाळेतून पळत आलेय. त्यांनी विचारलंय, काया, आज काय काय झालं गं—

सांगू का? सांगतेच. बाबा, आज शाळेत