पाच किलोच्या आतलं वजन

प्रिय खारूताई,

तुझा निरोप जावईबापूंकडून मिळाला. बाबांना म्हणावं तो ट्रेलर विकून मोकळे व्हा, अंगणात बघवत नाही. रविवारी फोनवर तू स्वतः सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं, पण असो. विकायला काढला आहे. काल एक शाळामास्तर आणि त्याची बायको बघायला आले होते. बायको आत शिरून गादीवर लोळून आली आणि मास्तर वही उघडून बसला. त्याला विकत घ्यायचा नव्हताच, तसाच एक स्वतः बांधायचा होता. म्हणाला, काका, एकूण खर्च किती आला तेवढं सांगा. मी पत्र्यापासून सुरुवात केली आणि मध्येच गप्प झालो. तो बिचारा पेन धरून वाट बघत राहिला. शेवटी आठवून कळवतो म्हणून त्याची बोळवण केली. त्याला काय सांगायचं ते सांगीन, पण आधी तुला सांगायला हवं.

तुझ्या आईला जाऊन तेरा महिने झाले. आपण दर रविवारी बोलतो. माझं ब्लडप्रेशर, बाळाचे दात, तुमच्या घरमालकाची कटकट, सगळं होतं. फक्त आई येत नाही. ती गेली त्या आठवड्यात स्वयंपाकघरात उभी राहून तू म्हणाली होतीस की तिनं मला शेवटपर्यंत परकं ठेवलं, एवढा मोठा आजार लपवला आणि जाताना पोटच्या मुलीला बोलवावंसंही तिला वाटलं नाही. मी तेव्हा सिंकपाशी पाठमोरा उभा होतो. एकच कप पुन्हा पुन्हा धूत होतो. तुला वाटलं असेल, बाबांनाही ते पटलंय.

गाडीमागे जोडून न्यायच्या या झोपायच्या ट्रेलरचं खूळ माझंच. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. तयार ट्रेलरची किंमत ऐकून मी दुकानातून काढता पाय घेतला आणि घरी येऊन जाहीर केलं की निम्म्या पैशांत स्वतः बांधीन. तुझी आई म्हणाली, घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, ती दोन्ही पाहून झाली, आता हेच काय ते राहिलं होतं! पण मनातून खूश होती. भंगारवाल्याकडे सांगाडा आणि चाकं आणायला गेलो तेव्हा तिनं घासाघीस करकरून मोडीत निघालेल्या बसच्या दोन खिडक्या त्याच्याकडून फुकटात उपटल्या. आत दोन माणसांपुरती झोपायची जागा, पायाशी कपाट, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. ‘डबी’ हे नावही तिनंच ठेवलं. निम्म्या पैशांचं म्हणशील तर प्लायवूड दोनदा आणावं लागलं, कारण पहिलं भिजून फुगलं. पत्रा वाकवायला माणूस लावावा लागला. वायर उलटी जोडून मी एक कोरी बॅटरी जाळली, त्यावरून तर आठवडाभर माझी टिंगल चालली होती. शेवटी तयार ट्रेलरच्या पाऊणपट पैसे गेले. त्याचं मला काही वाटत नाही.

डबीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि त्याच महिन्यात आईचे रिपोर्ट आले. तू तेव्हा पाचव्या महिन्यात होतीस, डॉक्टरांनी तुला पलंगावरून उतरायची बंदी केली होती. आधीच्या खेपेचं दुःख अजून ओलं होतं. दवाखान्याच्या जिन्यातच आईनं मला बजावलं की बाळ सुखरूप हातात येईपर्यंत खारूच्या कानावर यातलं अक्षरही जाता कामा नये. मी हो म्हटलं. मला ते पटलंही होतं, तेव्हा लपवल्याचा दोष तिच्या एकटीच्या माथी मारू नकोस. तुम्ही भेटायला का येत नाही असं तू विचारायचीस, आणि आमच्याकडे उत्तर तयार असायचं. डबी झाली की तिच्यातूनच येतो बाळाला बघायला. दार बसवायचंय, रंग व्हायचाय, मनासारखं कुलूप मिळत नाहीये. तू हसायचीस, म्हणायचीस की आईबाबांना म्हातारपणी चांगलेच चाळे सुचलेत. फोन ठेवला की ती थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून पडायची. पण खरं सांगू, ती नुसती थाप नव्हती गं. आम्ही दोघं खरंच तुझ्याकडे यायला निघालो होतो. औषधांनी तिचे हात थरथरायचे, तरी गादीचे अभ्रे तिनंच शिवले. बावीस वर्षं पडदेवाल्याकडे मशीन चालवलेली बाई ती, एक टाका तिरका नाही. बाळाच्या दुपट्यांसाठी एक छोटा कप्पाही माझ्याकडून मागून घेतला.

आता माझी अक्कल ऐक. एकतीस वर्षं मी वजनकाट्यावर नोकरी केली. भरला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, सही. आमचा काटा दहा-दहा किलोंनी बोलायचा, पाचाच्या आतलं वजन त्याच्या लेखी नव्हतंच. ती खोड माझ्या हाडात मुरलेली. आपली छोटी गाडी साडेचारशे किलोच ओढू शकते हे मला पाठ होतं, म्हणून डबीत जाणारी एकेक वस्तू आधी तोलून मी वहीत लिहायचो. पण पाच किलोच्या आत असली की पुढे शून्य. बिजागऱ्या, शून्य. स्क्रूंची पाकिटं, शून्य. सरस, रंग, खुंट्या, पडदे, दुपट्यांचा कप्पा, सगळं शून्य. बाळ वीस दिवसांचं झालं त्या सोमवारी मित्राच्या टेम्पोला जोडून मी डबी आमच्या काट्यावर नेली. पाचशे नव्वद भरली. मी निवृत्त झाल्यावर माझ्या खुर्चीत जी मुलगी बसते ती हसू दाबत म्हणाली, काका, ओव्हरलोड. घरी येऊन सांगितलं तर तुझी आई हसून हसून खोकायला लागली. नाकापेक्षा मोती जड, म्हणाली, आणि तेही काटेवाल्याच्या घरी! तिचं ते शेवटचं हसणं.

मंगळवारी सकाळी तिनं मला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, बाळ सुखरूप आहे, आता खारूला सांगा. आजच फोन करा, तिला येऊ दे. जावईबापूंनी बुधवारी संध्याकाळपर्यंत तुला आणून पोचवलं असतं. मी हो म्हणून उठलो आणि फोन केला नाही. तू ओली बाळंतीण, हे फोनवर कसं सांगायचं, असं मी मनाला समजावलं. चार दिवसांत वजन उतरवतो आणि शनिवारी हिला डबीत निजवून थेट तुझ्या दारात नेतो, असं ठरवून टाकलं. इतके महिने जे सांगत आलो ते मला खरं करून दाखवायचं होतं. त्यात तिच्या इच्छेपेक्षा माझी हौस मोठी होती, हे आज कबूल करतो. बुधवार आणि गुरुवार मी शेडमध्ये काढले. ओटा उखडला, कपाट काढलं, पाण्याची टाकी आणि आतलं अस्तर काढलं. तिनं हौसेनं मागितलेलं एकेक तिला ऐकू जाईल असं मोडत होतो. शेजारची नर्सबाई तिच्यापाशी बसून होती. गुरुवारी दुपारी मी पाणी प्यायला आत आलो तर तिनं विचारलं, केलात का फोन? मी म्हटलं, केला. मग काय म्हणाली खारू? मी म्हटलं, रडली नाही, धीराची आहे, शनिवारी वाट बघते म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली की मला वाटलं होतं, ऐकल्याबरोबर ती तडक निघेल. मी पुन्हा शेडमध्ये गेलो. तेव्हाही फोन करता आला असता. शुक्रवारी सकाळी चाकांत हवा भरून आत आलो तेव्हा ती गेली होती.

मागच्या महिन्यात तुझ्याकडे राहायला आलो होतो. बाळ माझ्या कडेवर बसून भिंतीवरच्या फोटोंना बोट लावत होतं, मी एकेकाचं नाव सांगत होतो, आणि त्यात त्याची आजी नव्हती. जावईबापू हळूच म्हणाले की तू आईचा फोटो काढून कपाटात टाकलायस, विषय काढू देत नाहीस. मी चार दिवस तुझ्या हातचं जेवलो आणि काही न बोलता परत आलो. तेरा महिने तुझा राग मी तिच्या नावावर राहू दिला, कारण तो माझ्यावर आला तर मला सोसला नसता. म्हणून हे पत्र. माझ्याशी बोलू नकोस, रविवारचा फोन बंद कर, मी समजेन. पण तिच्यावरचा राग सोड. तिनं तुला बोलावलं होतं, बेटा. मीच बोलावलं नाही. तू येशील म्हणून ती दाराकडे बघत राहिली, आणि तू का येत नाहीस हे मी तिलाही सांगितलं नाही.

तुझाच,
बाबा